चौसष्टावी सोयरिक

दिनानाथ घरत मनात आणतील तर विजेच्या खांबाचंसुद्धा लग्न जमवतील, असं आमच्या गावात म्हणत. मी त्यात एवढीच भर घालायचो की जमवतील, पण आधी खांबाला तीन प्रश्न विचारतील.

रेवसच्या रस्त्याला आमचं गाव. नाक्यावर माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आणि त्याच्या मागच्या आळीत दिनाशेठचं घर. त्यांचे बाप-आजे मिठागरात राबले. मिठागरं बंद पडली तसे दिनाशेठ डंपर चालवायला लागले, पुढे दोन डंपरचे मालक झाले, आणि पन्नाशीनंतर ते डंपर पुतण्याच्या हवाली करून त्यांनी उरलेला जन्म लोकांच्या सोयरिकी जमवण्याला वाहिला. अलिबागपासून उरणपर्यंत त्रेसष्ट लग्नं. पत्रिका सगळ्या माझ्याकडे छापलेल्या, म्हणून आकडा छातीठोकपणे सांगतो. त्यातली बासष्ट अजून नांदतायत.

दिनाशेठ कुंडली बघत नसत. म्हणायचे, "छत्तीस गुण जुळू देत र चंदर, पन एकाला सुकट लागते आन् दुसरीला सुकटीचा वास सोसत न्हाय, मंग ते गुण काय चाटायचे?" त्यांचे प्रश्न तीनच. खातो काय? झोपतो कुठं? आन् रागावला का काय करतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ते मुलाच्या घरी घ्यायचे. तिसरा प्रश्न मात्र कधीच घरी विचारायचे नाहीत. तो शेजारी, वडापावच्या टपरीवर, न्हाव्याकडे. रागावला की धक्क्यावर जाऊन बसतो, असा मुलगा पास. रागावला की जेवत नाही, तोही पास, "दुसऱ्या दिवशी भूक लागतेच." पण रागावला की ताट फेकतो, असं कळलं की दिनाशेठ त्या घरचा चहा अर्धा टाकून उठायचे. आणि दिनाशेठनी चहा टाकायचा म्हणजे भरतीनं अर्ध्या खाडीतून परत फिरण्यासारखं होतं.

त्यांचा एक नियम मात्र गावाचाच होता. बोलणी झाली, दोन्हीकडची चार माणसं बसली, सुपारी फुटली, की फुटली. त्यानंतर नवरदेवाला शेपूट निघालं तरी माघार नाही. उलट शेपटासकट फेटा कसा बांधायचा याची चर्चा.

आता त्रेसष्टावी सोयरिक. ती दिनाशेठच्या एकुलत्या एका मुलीची, कल्पिताची.

कल्पिता नवी मुंबईत एका अशा कंपनीत होती, जी मोठमोठ्या ऑफिसांतले फिशटँक सांभाळायची. ही पोरगी शिडीवर चढून साहेब लोकांचे मासे धुते, असं गावात समजलं जाई. तिच्यासाठी स्थळ आलं ते बंदरावर कंटेनरचा धंदा असलेल्या घरातून. तीन गाड्या भरून माणसं स्वतःहून दारात उतरली. बासष्ट वेळा दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर चप्पल काढलेल्या माणसाच्या दारात पहिल्यांदा कोणी चपला काढत होतं. मुलगा पियूष, गोरा, शांत, हात जोडून कोपऱ्यात बसलेला. दिनाशेठनी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला, आणि तिसऱ्यासाठी टपरीवर जायचं राहून गेलं. एवढ्या मोठ्या माणसांची चौकशी टपरीवर करायची कशी? सुपारी फुटली.

तिसऱ्याचं उत्तर मला आयतं मिळालं होतं. पत्रिकेचा कच्चा नमुना बघायला पियूष माझ्या छापखान्यात आला. त्याच्या आजोबांच्या नावात एक काना राहिला होता. त्यानं नमुना टराटरा फाडला, शेजारचा शाईचा डबा उचलून भिंतीवर मारला, आणि पुन्हा खुर्चीत बसून, हात जोडून, हसून म्हणाला, "काका, तेवढं करेक्शन करा."

हे मी दिनाशेठना सांगितलं का? सांगितलं. हळदीच्या दिवशी, पन्नास माणसांत, नकला करून. डबा कसा उडाला, मी टेबलाखाली कसा गेलो, भिंतीवर कसा निळा मोर उमटला. लोक पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्यानं दिनाशेठ. म्हणाले, "जावई तालेवार हाय, शाईनंच रंगपंचमी केली!" फक्त हळद लावलेली कल्पिता हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोरीला माहेर सुटायचं वाईट वाटतंय.

लग्नानंतर तीन महिन्यांनी ती आली तेव्हा डाव्या मनगटाला सूज होती. दिनाशेठ म्हणाले, "आठ दिवस बघ. सवय होईल." आणि स्वतः जीपमधून तिला परत सोडून आले. वीस महिन्यांनी ती पुन्हा आली, एक बॅग घेऊन, आणि गेली नाही. पनवेलच्या कोर्टात केस सुरू झाली. दिनाशेठनी सोयरिकी जमवणं बंद केलं. कोणी विचारायला आलं तर वेणूबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातूनच सांगायची, "ते आता जमवत न्हायत. चहा घ्या नि जा."

कल्पिता बापाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायची, पण कामापुरतं. "जेवण वाढलंय." "गोळी राहिली." पूर्वी वाक्याला वाक्याला 'दादा' लावणारी पोरगी आता कशालाच काही लावत नव्हती. दिनाशेठ एकदा मला म्हणाले, "चंदर, डंपर इकून देऊ? घर तिच्या नावावर करू? काय केलं म्हंजे ती मना दादा म्हनंल?" माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक विनोद तयार असतो. त्या दिवशी नव्हता.

मग घरात टाकी आली. चार फूट लांब, जाड काचेची. हॉलमध्ये टीव्हीचं शोकेस होतं तिथं कल्पितानं ती बसवली. टाकीबरोबर एक मोठी सीलबंद बादली आली. दिनाशेठनी विचारलं, "यात काय हाय?"

"मीठ."

घरतांच्या घरात विकतचं मीठ! ज्या घराला चार पिढ्या लोक 'मीठवाले' म्हणून ओळखत, तिथं बादलीतून, तेही परदेशातून. दिनाशेठ दोन दिवस जेवले नाहीत असं म्हणता येणार नाही, पण भाताला दोन वेळा नावं ठेवली. शेवटी कल्पितानंच सांगितलं, "आपण मीठ काढून झालं की खाली जे कडू पाणी उरायचं ते सोडून द्यायचो ना? त्यातच मॅग्नेशियम वगैरे सगळं असतं. या बादलीतल्या मिठात ते आहे. माशांना, प्रवाळाला तेच लागतं. नुसत्या मिठावर ते मरतील."

दिनाशेठ उठून टाकीपाशी गेले. मग बोट टाकीत बुडवून जिभेला लावलं. "थोडं वर हाय."

कल्पितानं दुर्बिणीसारख्या एका नळीत थेंब टाकला आणि डोळा लावला. हवं होतं पस्तीस, निघालं छत्तीस. ती बापाकडे बघून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवसापासून दिनाशेठ सकाळचा चहा घ्यायच्या आधी टाकीचं पाणी चाखायला लागले. वेणूबाई म्हणायची, "देवाचं तीर्थ कधी घेतलं न्हाय या मान्सानं!"

दीड महिना टाकीत फक्त पाणी आणि दगड. पाणी आधी मुरावं लागतं, असं कल्पिता म्हणे. कल्पितानं दगड पाळलेत, अशी बातमी गावभर झाली आणि माणसं बघायला येऊ लागली. त्यातल्या एका म्हातारीनं दगडांना हात जोडले. वीज गेली तरी पंप बंद पडू नये म्हणून दिनाशेठनी डंपरची बॅटरी आणून जोडली, त्यामुळे एक डंपर आठवडाभर दारात उभा राहिला.

मग यायची पाळी माशांची. कल्पिता वहीत नावं लिहायची, खोडायची. एका संध्याकाळी मी बसलो होतो. दिनाशेठ वहीकडे बघत घसा खाकरून म्हणाले, "हा निला... हा खातो काय?"

"शेवाळ."

"झोपतो कुठं?"

"दगडाच्या फटीत. पण दिवसभर फिरायला खूप जागा लागते त्याला. आपल्या टाकीत नाही भागणार."

"म्हंजे हा हायवेचा ड्रायव्हर. चार फुटांत नाय र‍्हायाचा, डोकं आपटून घेईल. खोड." तिनं खोडलं. "आन् हे पिवले दोन?"

"एकाच जातीचे दोन नर. मारामारी करतील."

"सख्खे भाऊ एका बांधावर. खोड. हा शिंपल्यातला खेकडा?"

"हा शंखात राहतो. मोठा झाला की दुसरा शंख लागतो. रिकामा नाही मिळाला तर गोगलगायीला मारून तिचा घेतो."

"जागेसाठी मुडदा!" दिनाशेठ खूश झाले. "हा तर आपल्याच तालुक्यातला. याला घे, पन चार रिकामे शंख टाकून ठेव, कोर्टात जायाला नको."

कल्पितानं मान खाली घातली. कोर्ट हा शब्द निघाला होता. पण ती उठली नाही. वहीत लिहिलं, 'रिकामे शंख, चार'.

असं तीन महिने चाललं. प्रवाळसुद्धा एकमेकांच्या फार जवळ ठेवले तर बारीक सोंडा काढून शेजाऱ्याला भाजतात, हे कळल्यावर दिनाशेठनी फूटपट्टी आणली आणि प्रत्येकाच्या मध्ये वीत वीत बांध सोडला. नारंगी-पांढऱ्या जोडप्यात बायको मोठी आणि नवरा अंगठ्याएवढा, आणि सगळा कारभार बायकोचा, हे ऐकून वेणूबाईनं त्या माशांना रोज स्वतःच्या हातानं खाणं घालायला सुरुवात केली. एक लांब मिशांची कोळंबी होती, ती माशांच्या तोंडात शिरून दात साफ करायची. तिला बघून आमच्या गावातला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारायचा, आणि दिनाशेठ प्रत्येकाला सांगायचे, "खायाची न्हाय. आमच्याकडं नोकरीला हाय."

पण त्यांचा खरा जीव एका जोडीवर. एक बोटभर मासा, गोबी नावाचा, आणि एक आंधळी कोळंबी. कोळंबी वाळूत बीळ खणते, दिवसभर पाटी उपसल्यासारखी वाळू बाहेर टाकते. तिला दिसत नाही. मासा बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. कोळंबी आपली एक मिशी सतत त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघं आत. या कोळंबीचा एक नांगा मोठा असतो, तो मिटला की चुटकी वाजवल्यासारखा टक्क आवाज येतो. काचेबाहेर ऐकू येतो. ही जोडी दुकानात वेगवेगळी मिळाली होती. जमेल की नाही, कल्पितालाही खात्री नव्हती. दिनाशेठनी तिन्ही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि म्हणाले, "एक राबनारी, एक राखनारा. रागावली तर चुटकी वाजवते, हात उचलत न्हाय. ही जमनारच."

जमली. पाचव्या दिवशी मिशी अंगाला लागली. दिनाशेठ धावत छापखान्यात आले. "चंदर, चौसष्टावी! पत्रिका छाप!"

मी छापली. एकच प्रत, पिवळ्या कार्डावर, गणपतीसकट. 'चि. गोबी आणि चि. सौ. कां. कोळंबी. विवाहस्थळ : घरत यांची टाकी, डावा कोपरा.' खाली 'आपले नम्र : वेणूबाई व दिनानाथ घरत'. कल्पिता ते वाचून इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं कार्ड टाकीच्या कपाटाला चिकटवलं, स्वयंपाकघरात गेली, आणि आतून तिचा आवाज आला, "दादा, टाकीचा लाइट बंद करा, चिकटवताना चालू राहिला."

दिनाशेठनी लाइट बंद केला. मग चालू केला. मग पुन्हा बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा आता घरी."

इथं थांबता आलं असतं तर काय हवं होतं!

पुढच्या आठवड्यात कल्पिताला पनवेलला तारीख होती. रात्री ती तिथंच मैत्रिणीकडे, किशोरीकडे राहणार होती. दिनाशेठ सकाळीच माझ्या दारात. "चल, मुंबईला जाऊ. ती येईल तवा टाकीत काहीतरी नवीन दिसलं पाह्यजे. कोर्टातून येनारी पोर, तिचा डोला निवला पाह्यजे." मी म्हणालो, तिला विचारलं का? म्हणाले, "विचारल्यावर गंमत कसली?"

रेवसला लाँच धरली, भाऊच्या धक्क्याला उतरलो, टॅक्सी केली. दुकानात शंभर टाक्या. आणि एका टाकीत, दगडावर, तो बसलेला. लालभडक. पाठीवर काळी किनार, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं. पोहत नव्हता, पळत नव्हता. पुढचे पर टेकून, मान तिरकी करून आमच्याकडे बघत होता. दिनाशेठ काचेसमोर उकिडवे बसले.

"खातो काय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"सगळं खातो, काका. काहीच नखरा नाही."

आता बघा, मासे पाळणाऱ्या कोणालाही हे उत्तर ऐकून भीती वाटली असती. पण दिनाशेठनी जन्मभर मुलांच्या घरी बसून हे उत्तर ऐकलं होतं, आणि त्यांच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नव्हतं. सगळं खातो. पानात काही टाकत नाही. आईनं वळण लावलंय.

"झोपतो कुठं?"

"असाच बसतो दगडावर. प्रवाळाला तोंड लावत नाही."

तेवढ्यात त्या टाकीत एक पारदर्शक, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी तरंगत गेलं. लाल मासा दगडावरून उडाला, ते गट्ट केलं आणि परत त्याच दगडावर, तसाच, मान तिरकी करून बसला. डोळ्याचं पातं लवलं नसेल एवढ्यात. दिनाशेठ खिशातून चष्मा काढत होते, त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. आणि माझ्या या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "घ्या दिनाशेठ, जावई शोभतो! भूक चांगली हाय, नि बसन्याची रीत बघा!"

ते हसले. दुकानदार हसला. तिसरा प्रश्न राहिला. दिनाशेठनी खिशातली सुपारी काढून दुकानदाराच्या हातावर ठेवली, आणि पाण्यानं फुगवलेली पिशवी मांडीवर घेऊन आम्ही लाँचमध्ये बसलो. सगळा रस्ता ते पिशवीला सावली करून होते.

कल्पिता दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चप्पल काढतानाच तिला टाकीतला लाल मासा दिसला. एक पाय चपलेत तसाच राहिला.

"कोणी आणला?"

"मी," दिनाशेठ म्हणाले. चेहरा असा, की बक्षीस मिळणार आहे. "शांत हाय एकदम. सगलं खातो."

"सगळ्यात कोळंबी पण येते." ती काचेजवळ गेली. "सफाईवाली कुठाय?"

वेणूबाई म्हणाली, "सकाळपासून दिसली न्हाय. मना वाटलं, दगडामागं हाय."

कल्पितानं टॉर्च आणला, सगळ्या फटी बघितल्या. एका फटीत लांब मिशीचा तुकडा निघाला. लाल मासा वरच्या दगडावर बसून आमच्याकडे बघत होता. डाव्या कोपऱ्यात बिळाच्या तोंडाशी पहारेकरी होता, आतून वाळू येत होती. टक्क.

"याला आजच काढायचा," कल्पिता म्हणाली. "मोकळ्या पाण्यात जाळीत नाही येणार तो. सगळे दगड काढावे लागतील."

सगळे दगड म्हणजे सगळं घर. वीत वीत सोडून लावलेले प्रवाळ, ती बिळं, तीन महिने. आणि दारात आलेला पाहुणा, ज्याच्यावर सुपारी दिली. दिनाशेठ तिची समजूत काढायला गेले. मी समोर होतो, त्यांना थांबवायला हवं होतं, पण ते शब्द एवढे सवयीनं आले की त्यांनाही कळले नाहीत.

"आठ दिवस बघू. सवय होईल."

बोलून झाल्यावर कळलं. त्यांचा हात हवेतच राहिला. कल्पितानं टॉर्च बंद केला, टेबलावर ठेवला आणि आत गेली. दार आपटलं नाही. नीट लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेणूबाई मला म्हणाली, "चंदर, आज चुटकी न्हाय वाजली." मी गेलो. बिळाच्या तोंडाशी मासा उभा होता, नेहमीसारखा, बाहेर तोंड करून. त्याच्या अंगाला मिशी नव्हती. मागं बीळ ढासळत होतं, वाळू घसरत होती, उपसणारं कोणी नव्हतं. तो मधूनच शेपटी थरथरवायचा. कोणाला तरी आत जायला सांगत होता.

दिनाशेठ समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी अजून पाणी चाखलं नव्हतं. मी बसलो. मला त्यांना सांगायचं होतं, की दुकानात मी पाहिलं होतं. सांगितलं. या वेळी नकला न करता. ते म्हणाले, "छापखान्यातलं पन तूच पाह्यलं होतंस. पन तू तरी बोललास. हसलो मी."

मग उठून त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला. माळ्यावरून मिठागरातल्या जुन्या बादल्या काढल्या, धुतल्या, टाकीचं पाणी त्यांत भरलं, आणि एकेक दगड काढायला सुरुवात केली. मदतीला मला हात लावू दिला नाही. जे हात वीस वर्षं डंपरच्या स्टिअरिंगवर होते, ते पाण्याखाली प्रवाळाचा देठ शोधत होते. दोन मोडले. जांभळ्या फुलासारखा एक होता, त्याचा कडेचा तुकडा त्यांच्या बोटाशीच आला. तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, जसा पाठीत उसण भरल्यावर निघतो.

कल्पिता केव्हा बाहेर आली मला कळलं नाही. तिनं दुसरी बादली धरली. दोघांनी मिळून उरलेले दगड काढले. टाकीत गढूळ पाणी आणि एका कोपऱ्यात तो लाल मासा, बसायला दगड नसल्यामुळे पहिल्यांदाच गोंधळलेला. दिनाशेठनी जाळी घातली. पहिल्या खेपेत आला.

जाळी धरून ते तसेच उभे राहिले. म्हणाले, "तवा पन असंच करायाला पाह्यजे होतं. सगलं मोडून तुला आनायाला पाह्यजे होती. तू हात दाखवलास, आन् मी जीप काढली."

कल्पिता म्हणाली, "हो."

एवढंच. 'जाऊ दे' नाही, 'आता कशाला' नाही. ते 'हो' खरं होतं, म्हणून त्याला कोणी काही करू शकत नव्हतं. मग तिनं त्यांच्या हातातली जाळी घेतली, मासा वेगळ्या बादलीत सोडला आणि म्हणाली, "पाणी बघा. दोन दिवसांत उडून कमी झालंय, मीठ वर गेलं असेल." त्यांनी बोट बुडवून चाखलं. त्यांना काही कळलं नाही. रडणाऱ्या माणसाच्या तोंडात सगळंच खारट लागतं. तिनं नळीनं मोजून घेतलं.

लाल मासा त्यांनी स्वतः दुकानात परत नेला. एकटेच गेले. सुपारी परत मागितली का, हा विनोद मला सुचला होता. मी तो गिळला. दगड पुन्हा रचले. पहिल्यासारखे बसले नाहीत. 'दादा'ही पुन्हा ऐकू आलं नाही. गोबी आता एकटाच तोंडानं वाळू उचलून बीळ खणायचा प्रयत्न करतो, ते अर्ध्यावर ढासळतं. कपाटावरचं पिवळं कार्ड कोणी काढलं नाही, आणि मलाही काढा म्हणायचा धीर झाला नाही.

दसरा झाल्यावर दुकानदाराचा फोन आला की तशीच एक कोळंबी आली आहे. दिनाशेठ कल्पिताला म्हणाले, "तू जा. तूच बघ. मी धक्क्यापर्यंत येतो." ते बादली घेऊन रेवसच्या धक्क्यावर दुपारभर बसले. मीही होतो. लाँच लागली, माणसं उतरली, पाट्या उतरल्या, दोन स्कूटर उतरल्या, आणि शेवटी कल्पिता. हात रिकामे.

"न्हाय आनली?"

"नाही. चांगली होती. पण दुकानदार पिशवी भरायला लागला तेव्हा मला पटेना. तिच्या टाकीतल्या दोन माशांचे पर फाटलेले होते, तिनंच फाडले असणार. म्हटलं, राहू दे."

"पिशवी भरल्यावर नको म्हनालीस?"

"हो."

दिनाशेठ तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या त्रेसष्ट सोयरिकींत, भरल्या बैठकीतून असं उठायचं त्यांना एकदाच जमायला हवं होतं. म्हणाले, "बरं केलंस," आणि रिकामी बादली उचलायला वाकले.

दोघं पुढं चालत गेले. मी मागं राहिलो, विडी ओढायची होती. संध्याकाळी छापखान्यावर दिनाशेठ आले. मी विचारलं, "वाटेत दादा म्हनाली का?"

"न्हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पन बादली तिनं घेतली."